डिकीच्या जन्माची जागा

डिकी आठ वर्षांची झाली त्या दिवशी तिचा बाबा सकाळपासून गप्प होता. सलूनवाला गप्प बसला की घरच्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

एरवी दुकानात त्याच्या कात्रीपेक्षा तोंड जास्त चालायचं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, केसांवर पाण्याचा फवारा मारला की गोष्ट सुरू. आपली लेक भर रस्त्यात, गाडीच्या मागच्या सीटवर कशी जन्माला आली आणि आपण ह्या दोन हातांनी तिला कसं झेललं! आठ वर्षांत गोष्टीने चांगलंच बाळसं धरलं होतं. पहिल्या वर्षी नुसतं झेललं होतं. पुढे नाळ बांधायला बुटाची नाडी आली. मग वादळ आलं. गाडीत जन्मली म्हणून तो तिला डिकी म्हणायला लागला. "अरे, सीटवर जन्मली, डिकीत नाही," असं बायकोने शंभरदा सांगितलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

गोष्टीत खोट एकच होती. तो तिथे नव्हताच.

हे बायकोला ठाऊक होतं आणि तिच्या आईला, म्हणजे डिकीच्या आजीला. दोघींनी आठ वर्षं चकार शब्द काढला नव्हता.

चार दिवसांच्या सहलीला निघालेले चौघे. गाडीच्या टपावर तंबू, मागे स्टोव्ह, पातेली आणि घडीच्या खुर्च्या. दोन मुक्काम नदीकाठी मजेत झाले. तिसऱ्या दिवशी वाढदिवस. डिकीने झोपायच्या पिशवीतून नुसतं डोकं बाहेर काढलं आणि फर्मान सोडलं, "मला भेटवस्तू नको. मी जन्मले ती जागा बघायची. आणि आजचा तंबू तिथेच ठोकायचा."

"कुठली जागा नि काय," बाबा म्हणाला. "रस्ता बदलला असेल आता. मला तर काही आठवत नाही."

"मला आठवते की," स्टोव्हपाशी चहा गाळत आजी म्हणाली. "पूल ओलांडला की पाण्याची उंच टाकी लागते, तिच्यासमोर. इथून तासाभरावर."

सासूबाईंनी पायाखालची सतरंजी ओढावी तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला. बायको शाळेची बस चालवायची. तिने तोवर किल्ली उचललीसुद्धा होती.

वाटेत डिकीची टकळी सुरूच. "शाळेत मी 'माझे बाबा' निबंध लिहिला होता ना, त्यात सगळं लिहिलंय. बाईंनी अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला." बाबाने रेडिओचा आवाज वाढवला. बायकोने तो कमी केला.

टाकी होती तिथेच होती, फक्त आता निळ्या रंगाची. समोर सपाट गवत, कडेला तारेचं कुंपण. टाकीवरच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "राहा की. सकाळी कचरा उचलून न्या म्हणजे झालं."

डिकीला नुसती जागा बघून कुठलं समाधान? तिने गाडीचं मागचं दार उघडलं, टॉवेलची गुंडाळी करून बाळ तयार केलं आणि हुकूम सोडायला लागली. "आई, तू आत आडवी हो. बाबा, तू इथे, दाराशी. हात पुढे कर. आजी, तू कुठे होतीस?"

आजीने क्षणभर जावयाकडे पाहिलं. "मी ना? मी तिकडे होते, बाजूला." आणि ती खरंच चालत कुंपणापाशी गेली. बसा म्हणायला कोणी नसलेल्या पाहुण्यासारखी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली.

बाबाने हात पुढे केले होते. ते तसेच राहिले. आजीच्या मनगटांवरचे बेकरीत भाजल्याचे जुने डाग त्याला इतक्या लांबून दिसत नव्हते, पण कुठे कुठे आहेत ते त्याला पाठ होतं. त्याने हात खाली घेतले.

"डिकी," तो म्हणाला, "मी इथे नव्हतो."

"म्हणजे?"

"म्हणजे नव्हतोच. आदल्या दिवशी आईने पेट्रोल भरायला सांगितलं होतं. मी विसरलो. दवाखान्यात जाताना गाडी इथे बंद पडली. मी कॅन घेऊन पंपाकडे पळालो, आणि परत आलो तोवर तू आली होतीस. तुला आजीने झेललं."

डिकीने टॉवेलकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग कुंपणाकडे. तिचा खालचा ओठ थोडा पुढे आला. "म्हणजे माझा निबंध खोटा."

"हो. माझ्यामुळे."

"बाईंना तूच सांगायचं."

"सांगेन."

"आणि दुकानात?"

"दुकानातही."

गाडीच्या आतून बायकोचं हसू फुटलं. डिकी मात्र हसली नाही. थोडा वेळ पायाने गवत उकरत राहिली. मग तिने पाण्याचा रिकामा कॅन आणून बाबाच्या हातात दिला. "आता नीट करू. तू पळ. आजी, तू इकडे ये."

बाबा पळाला. वळणापर्यंत जाऊन धापा टाकत परत आला.

"आलास पण?" डिकी ओरडली. "अजून मी जन्मले नाही! जा परत!"

तो पुन्हा पळाला, पुन्हा लवकर आला, पुन्हा हाकलला गेला. रखवालदार टाकीच्या जिन्यावर मांडी ठोकून बसला होता. "पंप तीन किलोमीटरवर आहे," त्याने वरून ऐकवलं. "एवढ्यात कसे पोहोचता तुम्ही?"

तिसऱ्या खेपेला बाबा गाडीला टेकून खालीच बसला, तेव्हा आजी दाराशी वाकून टॉवेल हातात घेत होती.

"तुला भीती वाटली?" डिकीने विचारलं.

"वाटली की. पण हातांना नाही. तीस वर्षं बेकरीत भट्टीतून तापलेले ट्रे काढले, एकही हातातून सोडला नाही. तू तर काय, दोन पावांएवढी. बाहेर आलीस, आधी शिंकलीस, आणि मग जे भोकाड पसरलंस!"

"मी शिंकले?" हे तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. "आणि बुटाची नाडी?"

"कसली नाडी! मी बोलावलेली अँब्युलन्स आली, त्यांनी केलं सगळं रीतसर."

"आणि वादळ?"

"पान हलत नव्हतं."

डिकीने बाबाकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. मग ती दारातून बाहेर लोंबणाऱ्या पायांकडे वळली. "आई, तू काय करत होतीस?"

"मी?" आई आतून म्हणाली. "मी जरा कामात होते."

यावर आजी इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले, आणि मग बाबाही हसायला लागला.

चार वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे बरोबर जन्मवेळेला, केक कापला. आजीने तो स्टोव्हवर जाड पातेल्यात भाजला होता. तळाला लागला होता, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. रखवालदारालाही तुकडा मिळाला.

"पंपावरून आलास, मग काय केलंस?" तोंडात केक कोंबत डिकीने विचारलं.

"रडलो. कॅन खाली ठेवायचंही सुचेना. आजी म्हणाली, आधी हात धुऊन या, पेट्रोलचा वास मारतोय. हात धुतले, तेव्हा कुठे तिने तुला माझ्याकडे दिलं."

"मग हे का नाही सांगितलंस दुकानात? हे चांगलंय की."

बाबा उठून तंबूच्या खुंट्या ठोकायला लागला. तंबू उभा राहिला तेव्हा ऊन टाकीच्या मागे गेलं होतं. जरा तिरकाच उभा राहिला, पण डिकीला आत शिरायची इतकी घाई की तिने चपलाही काढल्या नाहीत.

"आजी, तू माझ्या शेजारी!" ती आतून ओरडली. "आणि शिंकेपासून परत सांग!"