मागच्या दारचा दिवा

या, जवळ सरकून बसा. पेटी सुरात यायला अजून वेळ आहे, तोवर एका मुक्या कॉम्प्युटरची गोष्ट ऐका.

दत्तारामबुवांनी बटण दाबलं, कान स्क्रीनजवळ नेला आणि वाट पाहिली. आवाज आला नाही.

“अक्षता, ह्यो मुको कित्याक झालो गो?”

डोळे अधू झाल्यापासून बुवा कीर्तनाचं आख्यान लेकीला सांगून टाइप करून घेत आणि मग ओळ ओळ ऐकून पाठ करत. ज्या एडिटरमध्ये ते लिहिलं जाई, त्याला अक्षताच्या पवईच्या ऑफिसातल्या संघमित्राने एक छोटं प्लगइन जोडून दिलं होतं. तेच ओळी वाचून दाखवायचं. रविवारी वाकोल्याच्या देवळात नवं आख्यान होतं, आणि अर्धं पाठ व्हायचं होतं.

अक्षताने ओठ चावला. प्लगइन पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवृत्तीवर चालावं म्हणून कालच तिने त्यात बदल केले होते. जुन्या आवृत्तीसाठीच्या ओळी अडगळ समजून काढून टाकल्या होत्या. तिच्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं, म्हणून तेच बाबांच्या मशीनवरही चढवलं. त्या जुन्या मशीनवर पायथनची नवी आवृत्ती बसतच नाही, याचा तिला विसर पडला होता.

अक्षताच्या फोनवरून संध्याकाळी आलेली संघमित्रा दारातूनच म्हणाली, “लावलीस ना वाट?”

“अगं, पण जुनं वापरतं कोण आता?”

“तुझे बाबा.”

तिने पिशवीतून एक लॅपटॉप काढला. बिजागरीला चिकटपट्टी होती.

“हा तू भंगारात देणार होतीस ना?”

“काकांचा आहे तस्साच आहे. काही बदललं की आधी ह्याच्यावर चालवून बघते. तू विचारलंस तरी का मला?”

 अक्षताने तिच्यासाठी खुर्ची तेवढी पुढे सरकवली.

संघमित्राने काढलेल्या ओळी परत घातल्या. आता प्लगइन सुरू होतानाच आवृत्ती कोणती ते बघे आणि नवीला नवी, जुनीला जुनी वाट धरे. बुवांचं मशीन बोलू लागलं. बुवांनी त्याला हात जोडले, डोळे मिटले आणि बरोबरीने म्हणू लागले. थोड्या वेळाने मशीन बंद करून एकट्याने म्हणून पाहिलं.

“कुंभारणीने एक दिवा पुढच्या दारी ठेवला, आणि... आणि...”

“दुसरा मागच्या दारी,” चहाचा कप उचलता उचलता संघमित्रा म्हणाली. “उशिरा येणारा तिकडूनच येतो.”

बुवांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“तुका कसा ठाऊक गो? तू तर कधी कीर्तनाक येणस नाय.”

“देवळात नाही येत, काका. पण तपासायला मजकूर लागतो ना काहीतरी. अक्षताने पाठवलेलं तुमचंच लावते, भात शिजेपर्यंत. आई तर विचारते, पुढचं कधी येतंय म्हणून.”

अक्षता तिच्याकडे बघत राहिली. मग उठून तिच्या कपात आणखी चहा ओतला.

रविवारी बुवा कुठेच अडले नाहीत. फक्त मागच्या दारच्या त्या ओळीपाशी आपणहून थांबले. गुरूंचं स्मरण करताना जोडतात तसे हात जोडले, आणि मग पुढे गेले. मंडळींना वाटलं, दम लागला असेल.

ते का थांबले, तुम्हाला आता ठाऊक आहे. बुक्का लावून उठाल तेव्हा कांजूरला राहणाऱ्या त्या संघमित्राची आठवण असू द्या.