कोणाला कळवावे?

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे तयारीमास्तर म्हणत. उभा जन्म त्यांनी एका इस्पितळाचं भांडारगृह सांभाळलं होतं आणि तिथली शिस्त हाडीमासी मुरली होती. घरात दारामागे एक पिशवी कायम भरलेली असे: बॅटरी, शिट्टी, आठवड्याची औषधं, कागदपत्रांच्या प्रती. कपाटात स्वतःच्या दफनाच्या वेळी अंगात घालायचा कोट इस्त्री करून टांगलेला, आणि त्याच्या खिशात कोणती गीतं गायची याची चिठ्ठी.

"मास्तर, तुम्ही स्वतःच्या अंत्यविधीलाही दहा मिनिटं आधीच पोचाल," असं पाळक एकदा गमतीने म्हणाले, तेव्हा मास्तर मनापासून खूश झाले. प्रभूचं बोलावणं कधीही येवो, आपली धांदल उडणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

बायको जाऊन सात वर्षं झाली होती. घरात आवाज म्हणाल तर नळाचा, नाहीतर पहाटे पाचला ते करत त्या प्रार्थनेचा.

एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या नर्सबाईंनी एकट्या राहणाऱ्या वयस्करांना एकेक फॉर्म दिला. रक्तगट, चालू औषधं, जादा किल्ली कुठे असते. मास्तरांनी तो घरी येऊन मोत्यासारख्या अक्षरात भरला. शेवटचा प्रश्न होता, 'काही झाल्यास कोणाला कळवावे?' तिथे पेन अडलं.

बुधवारी नर्सबाई फॉर्म न्यायला आल्या.

"मास्तर, एक ओळ राहिली की."

"तुमचंच नाव घाला."

"घालते हो. पण मी परकी बाई, येऊन काय करणार? कुलूप उघडीन, गाडी बोलावीन. तुम्हाला मुलगी आहे ना?"

"आहे. पण तिला तोंड दाखवायची सोय मी ठेवलेली नाही."

मग कोणाजवळच बोलले नव्हते ते मास्तर बोलून गेले. मुलीने वेगळं राहायचं ठरवलं म्हणून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. बायको शेवटचे चार दिवस लेकीचं नाव घेत होती. आधी मुलीने फोन करावा, या हट्टापायी मास्तर 'उद्या कळवतो' म्हणत राहिले. मुलगी आली ती परस्पर कुणाकडून कळून, दफनाच्या दुसऱ्या दिवशी. आवरलेल्या खोलीत उभी राहून एवढंच म्हणाली, "फुलं वेळेवर आली, गाडी वेळेवर आली. मला एक फोन नाही, पप्पा?" आणि निघून गेली.

नर्सबाईंनी समजूत घातली नाही. फॉर्म टेबलावरच ठेवून त्या उठल्या. "शनिवारी नेते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर प्रार्थनेला बसले आणि 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर' या वाक्याशी अडखळले. सात वर्षं तेच शब्द ते घडाघडा म्हणत आले होते. आता पुढे जाववेना. गुडघे दुखेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

शुक्रवारी दोन बस बदलून ते मुलीच्या कामाच्या जागी गेले. ती कवळ्या बनवत असे. फळीवर अनोळखी माणसांचे दात ओळीने मांडलेले, आणि तिचे हात मनगटापर्यंत प्लास्टरने माखलेले. वाटेत घोकलेलं सगळं मास्तर विसरले.

"तुझी आई तुला बोलावत होती," ते म्हणाले. "मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चूक माझी. फक्त माझी."

ती साचा थापटत राहिली. मग तो फळीवर ठेवून म्हणाली, "काय म्हणत होती?"

"म्हणायची, पोरगी आली की आधी तिला जेवू घाला, मग काय भांडायचं ते भांडा."

मुलीला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरले. तिने ते दंडाला पुसले.

मास्तरांनी फॉर्म काढला. "तुझं नाव घालू का?"

"नंबर बदललाय माझा." तिने तो सांगितला, त्यांनी लिहून घेतला. "पण मी सगळं विसरले असं समजू नका."

"नाही समजत."

ती बसा म्हणाली नाही, जा असंही नाही. फॉर्मची घडी खिशात ठेवून मास्तर निघाले. त्या संध्याकाळी घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं.

तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग एका मंगळवारी तिन्हीसांजेला तिचा फोन आला. आईचे ते चार दिवस कसे गेले, एवढंच तिने विचारलं. मास्तर दिवा न लावता तिथेच उभे राहून एकेक दिवस सांगू लागले. काहीही लपवलं नाही. मधेच त्यांचा आवाज बसला, तेव्हा पलीकडून ती हळूच म्हणाली, "ऐकतेय मी. सांगा."

ते पुढे सांगू लागले.