दोन टोकांची टोपणं

चार वाजता माधवीबाई येणार, आणि सुवर्णाचे दोन्ही कॉम्प्युटर अबोला धरून बसलेले! कालपर्यंत काय मजेत होते मेले. खालच्या खोलीत लिहिलं की माळ्यावर उमटायचं. लिंबायतची सगळी वस्ती गोळा करून दाखवावं असं तिला झालं होतं. आणि आज ढिम्म!

माधवीबाई अडाजणच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या घरी तीन कॉम्प्युटर, ते वायरनं जोडायला माणूस हवा होता. "आधी तुझ्या घरचं चालताना दाखव, मग माझं काम तुझं," असं त्यांनी बजावलेलं. काम मिळालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून साड्यांच्या घड्या घालायला पॅकिंगखात्यात. नुसत्या विचारानं सुवर्णाच्या अंगावर काटा यायचा.

तिनं वायर हातभर हातभर चाचपली. कॉम्प्युटरमधलं वायर जोडायचं कार्ड उपसून पुन्हा बसवलं, देवाला हात जोडले. टोकांकडे बघायचं मात्र सुचलं नाही. तेवढ्यात बाई दारात, आणि पाठोपाठ कारखान्यातली पाळी संपवून आलेले सुवर्णाचे बाबा, रामदास. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस.

"काय व्हयनं वं, पोरी?"

"बोलतच नाहीत हो, बाबा!"

"असं कसं? मी तर सकाळी जाताना दोन्ही टोकांची टोपणं काढून ठेवली. मागावर सुताचा कोन लावायचा तर आधी त्याचं पॅकिंग काढतात. तू विसरली होतीस."

हसावं की कपाळ बडवावं!

"बाबा, ते पॅकिंग नव्हे! कुठंयत?"

खिशातून टोपणं निघाली. सुवर्णानं एक खाली बसवलं, एक धावत जाऊन वर, आणि उतरून बाईंना माळ्यावर पिटाळलं. नमस्कार टाइप केला. वरून किंकाळीच आली, "आलं! आलं गं!"

बाई धापा टाकत उतरल्या. "पण त्या टोपणांचं काम काय?"

"सिग्नल टोकाला जातो ना, तर तो..." सुवर्णाची गाडी अडली.

"परत उसळतो?" रामदासांनी विचारलं. "मग मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या आमच्या धोट्यासारखंच की, बाई. दोन्ही बाजूंच्या पेट्यांनी त्याला धरायचं. नाही धरलं तर उलटा येतो, ताण्याचे सगळे उभे धागे तोडतो."

"अगदी तेच, बाबा!"

बाई बघतच राहिल्या. "दुकानदारानं समजावत तासभर डोकं खाल्लं, तेव्हा कळलं नव्हतं ते आत्ता कळलं. रविवारी या."

"येते, बाई!"

"एकटी नको. यांना घेऊन ये."

"मी?" रामदास गडबडले. "मी काय करू तिथं?"

"ती जोडेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला शिकवा."