न डगमगणारी तोलफळी

मित्रांनो, मी एक जुनी तोलफळी आहे. मुक्काम सुताराच्या कामाच्या खोलीत, दारामागे, भिंतीला टेकून. समोर खिडकी आहे, म्हणून उजेड तरी मिळतो. माझ्या वयाच्या बाकीच्या फळ्या केव्हाच जळणात गेल्या.

कुणी विचारलं, तर मी सांगते की मी एका गलबताची फळी होते. तीन वादळं अंगावर घेतली. चौथ्यात एका देवमाशाने माझा चावा घेतला, ही बघा कोपऱ्यातली खाच, आणि चव आवडली नाही म्हणून मला किनाऱ्यावर थुंकून तो निघून गेला. ऐकणारा भोळा असला तर मी त्या माशाचे दातसुद्धा मोजून सांगते. पण तुम्ही तेवढे भोळे दिसत नाही, तेव्हा खरं काय ते ऐका. मी एका कपाटातली मधली फळी होते. बावीस वर्षं माझ्यावर घडी केलेल्या चादरी होत्या. आणि ती खाच बिजागरीची आहे.

कपाट मोडीत निघालं तेव्हा सुताराने मला बाजूला काढून ठेवलं. ठेंगणा, रुंद पंजांचा, कानावर शिसपेन्सिल खोचलेला हा माणूस. त्याच्या हातून डगमगणारी वस्तू कधी बाहेर गेली नाही. टेबल तयार झालं की तो चारही कोपऱ्यांवर तळहात दाबून बघायचा. केसभर जरी हललं तरी पुन्हा रंधा हातात. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा हीच गत. खुर्चीवर बसण्याआधी तो ती हलवून बघायचा, आणि हलली की खिशातून लाकडाची पाचर निघायची. एका शोकसभेत वक्त्याचा कंठ दाटून आला होता आणि हा त्याच्या टेबलाखाली शिरून पाचर ठोकत होता. यात तिखटमीठ नाही हो, त्याच्या बहिणीनेच सांगितलंय.

सुताराला एकच मुलगी. पाय लांब आणि काटकुळे, म्हणून सगळी गल्ली तिला टिटवी म्हणायची. आई ती लहान असतानाच गेली; वाढवलं ते सुताराच्या याच बहिणीने, म्हणजे तिच्या आत्याने. आत्याचे हात मऊ होते आणि जीभ करवतीसारखी.

गावाच्या टोकाला समुद्र होता. तिथे मुलं सर्फिंग करायची, म्हणजे लाटेवर फळी घालून तिच्यावर उभं राहायचं आणि किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं. टिटवी सतराव्या वर्षी त्या खेळाच्या नादाला लागली ती अशी की जेवताना चमचासुद्धा ताटात घसरवायची. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून त्या शिट्टीबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "समुद्र महिन्यातले चार दिवस धड वागतो. उरलेले सव्वीस दिवस जमिनीवर घाम गाळायचा. ज्याला ते जमणार नाही, त्याने वाळूत किल्ले बांधावेत."

मग त्या छोट्या घराचा आखाडाच झाला. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून टिटवी बाकावर पालथी पडायची आणि ट्यूब ओढत ओढत वल्हवण्याचा सराव करायची, खांदे भरून येईपर्यंत. जमिनीवर पालथं पडून एका दमात उडी मारून उभं राहायचं, हे रोज साठ वेळा. उठाबशा. जिना चढताना दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. आणि श्वास रोखायचा सराव आत्या बोलत असताना करायचा, म्हणजे उलट उत्तर तोंडातून निघत नाही.

"अगं, फरशी फुटेल!" आत्या ओरडायची.

"फरशी नाही आत्या, गुडघे फुटतायत."

"मग ठीक आहे. फरशी आपण पैसे मोजून बसवून घेतलीय."

पण तोल? तोल काही उठाबशांनी येत नाही. शिट्टीबाईंनी सांगितलं, एक फळी घ्या, खाली गोल रूळ ठेवा, आणि वर उभं राहा. सुताराने मला घासून गुळगुळीत केलं आणि कडा गोल केल्या. तिच्या पावलांना पकड मिळावी म्हणून मधोमध बारीक रेघा पाडल्या. खाली हातभर लांबीचा, मांडीएवढा जाड लाकडी रूळ दिला. झाली तोलफळी.

पहिल्या दिवशी टिटवी माझ्यावर चढली आणि मी तिला पाडलं. दुसऱ्यांदा चढली, पाडलं. अकरा वेळा पाडलं मी तिला. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं का? छे! बावीस वर्षं चादरींखाली झोपा काढल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला हलायला सांगत होतं. आणि गंमत सांगते, पडणाऱ्याचे पाय शिकत असतात. पंधरा दिवसांत मला तिच्या तळव्यांतून कळायला लागलं, की माझा डावा कोपरा खाली जायच्या आधीच तिचा उजवा घोटा जागा होतोय. डोक्याला पत्ता नसतो, पण पायाला कळलेलं असतं.

शिट्टीबाईंचा एक नियम होता. घरी तोलफळीवर पाच मिनिटं न पडता जो उभा राहील, त्यालाच खडकांपलीकडच्या मोठ्या लाटांवर न्यायचं. बाकीच्यांनी किनाऱ्याजवळच्या फेसात खेळायचं. घरी येऊन कुणी घड्याळ लावत नसे. मुलांच्या शब्दावर विश्वास. आणि वर्षअखेरीस मोठ्या लाटांवर जी परीक्षा व्हायची, त्यातून दोघांना लांबच्या किनाऱ्यावर वर्षभराच्या शिक्षणासाठी पाठवायचे. टिटवीला दुसरं काही नकोच होतं. त्या वेळी तिची मजल होती दीड मिनिटापर्यंत.

आणि मग एका सकाळी ती माझ्यावरून पुढे तोंडावर पडली. हनुवटी फुटली. तीन टाके पडले. टिटवी दवाखान्यातून हसत आली, टाके आरशात बघून म्हणाली, "छान दिसतायत." पण सुतार दारातच उभा राहिला. फरशीवरचा डाग आत्याने पुसून काढला, तरी तो तिथेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी टिटवी धावायला गेल्यावर तो आत आला. त्याने मला उचललं नाही, रूळ उचलला. उजेडात धरला. अंगठा फिरवला. मग रंधा काढला आणि लांबीच्या रेषेत एक पातळ पापुद्रा काढला. कागदाएवढा. पुन्हा माझ्याखाली ठेवून माझ्या कोपऱ्यांवर तळहात दाबले. मी डगमगले. त्याने अजून एक पापुद्रा काढला.

सुताराच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं, मित्रांनो. डगमगतंय, तर सपाट करा. आयुष्यभर हेच केलं आणि आयुष्यभर लोकांनी वाहवा केली.

तो दर चार-सहा दिवसांनी एक पापुद्रा काढायचा. सपाट पट्टी दिसू नये म्हणून त्याने रुळाला जुन्या रबरी चटईचा तुकडा चिकटवला. "फरशीला ओरखडे पडतात गं," असं टिटवीला सांगितलं. तिने मान डोलावली. बापाच्या कामावर कोण शंका घेणार?

दीड मिनिटाची दोन मिनिटं झाली. दोनाची साडेतीन झाली. टिटवी नाचायची, आत्याला उचलून गरागरा फिरवायची.

"खाली ठेव मला, मेले! माझा तोल गेला ना, तर हाडं गोळा करायला सूप लागेल."

ज्या दिवशी सहा मिनिटं झाली, त्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. मीसुद्धा नंतर कित्येकांना सांगितलं, की ती माझ्यावर इतका वेळ उभी राहिली की तिच्या केसांत चिमणीने घरटं केलं आणि पिल्लं उडून गेली तरी ती हलली नाही.

पण तिच्या तळव्यांतून मला काहीच कळत नव्हतं. घोटे झोपले होते. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होते. त्या घरात फळीचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही हे खरं. पण ऐकू गेलं असतं तरी बोलले असते का, कोण जाणे. स्थिर राहायला मलाही बरं वाटत होतं. कपाटातली सवय. शिवाय कौतुक माझंही होत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शिट्टीबाईंनी विचारलं आणि टिटवीने खरं तेच सांगितलं. सहा मिनिटं. तिचं नाव मोठ्या लाटांच्या यादीत गेलं.

मी तिथे नव्हते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, त्या देवमाशाची शपथ. पुढचं शिट्टीबाईंनी सुताराला सांगितलं ते मी ऐकलं, आणि त्यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही. ती वल्हवत छान गेली. उडी मारून छान उभी राहिली. लाट जरा डावीकडे कलली आणि तिच्या पायांना कळलंच नाही. ती खडकांच्या बाजूला पडली, वरून तिचा सर्फबोर्ड उजव्या खांद्यावर आदळला. दोन जणांनी तिला बाहेर काढलं.

चार महिने हात गळ्यात बांधलेला होता. आत्या तिची वेणी घालायची आणि एक शब्दही टोचून बोलायची नाही. घर किती भयाण शांत होतं, ते त्यावरून समजा.

मग एका दुपारी शिट्टीबाई भेटायला आल्या. मी अजून त्या रुळावरच होते; बोलता बोलता त्यांनी सवयीने माझ्यावर एक पाय ठेवला. त्यांनी दुसराही पाय ठेवला, इकडेतिकडे कलून पाहिलं आणि उतरल्या.

"हा रूळ बसतोय," त्या म्हणाल्या. "हा फिरत नाही."

टिटवी उठली. डाव्या हाताने तिने रबरी चटई उचकटली. खाली चार बोटं रुंद सपाट पट्टी होती, रंध्याने इतकी सुंदर तासलेली की उजेड तिच्यावर आरशासारखा पडला.

"बाबा?"

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "तू पडायचीस ना गं."

"पडायलाच उभी राहत होते मी, बाबा."

"हनुवटीला तीन टाके..."

"तीनच होते ना!" ती ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी सगळ्यांना सहा मिनिटं सांगितलं. मला वाटलं, मला येतंय."

शिट्टीबाई चपला घालून निघून गेल्या. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. सुतार म्हणाला, "मला वाटलं, पुढचं तू तिथे शिकशील."

खांदा पुढे सांधला, पण हात कानाच्या वर जाईना. आणि वल्हवणारा हात कानाच्या वर जावाच लागतो. टिटवी समुद्रापासून लांब, मावशीच्या गावी एका छापखान्यात कामाला लागली. बापाशी भांडली नाही ती. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणते. दर आठवड्याला फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." "औषध घेतलं?" "घेतलं." संपलं.

ती गेल्यावर सुताराने नवा रूळ करायला घेतला. लाकूड कातायच्या लेथवर पहिला चढवला, उतरवून फरशीवर फिरवला, तो किंचित अडखळला, फेकला. दुसरा फेकला. पाचवा कुठे मनासारखा झाला. फोनवर त्याने सांगितलं, "नवा रूळ केलाय. गोल आहे." पलीकडून आलं, "बरं."

दीड वर्षाने ती दोन दिवसांसाठी आली. कामाच्या खोलीत आली तेव्हा सुतार एका स्टुलाचा पाय घासत होता. तिने दारामागून मला बाजूला केलं, रूळ उचलला, डाव्या हाताने चारी बाजूंनी चाचपला. फरशीवर ठेवून बोटाने ढकलला. तो न अडखळता, न वळता, सरळ भिंतीपर्यंत गेला.

"गोल आहे," ती म्हणाली.

"हो," सुतार म्हणाला.

ती माझ्यावर चढेल म्हणून मी अंगातली प्रत्येक शीर ताणून वाट पाहिली. सुतारही पाहत होता, हातातला घासकागद तसाच धरून. तिने रूळ आणला, माझ्या शेजारी नीट उभा करून ठेवला आणि म्हणाली, "चला बाबा, आत्याने पान वाढलंय." दोघं गेली. त्या रुळावरून आजवर कुणीही पडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्यावर माया करणारी माणसं तुमच्या वाटेतला खडा उचलतील, तो उचलू द्या. पण ज्या वस्तूचं कामच पाडणं आहे, तिला पाडू द्या. आणि तुम्ही मोठे झालात आणि तुमचं कुणी असं पडत असलं, तर दोन्ही हात पुढे करून जवळ उभे राहा, रडू आलं तर रडा, टाके घालायला घेऊन जा. फक्त रुळाला रंधा लावू नका. माझी देखभाल म्हणाल तर फार नाही. वर्षातून एकदा तेलाचं बोट, आणि ओलीपासून लांब ठेवा.

आणि तुमच्यापैकी कुणाला वेळ असेल, तर कधीतरी या. दाराला कडी नसते. मला उचला, खाली तो गोल रूळ ठेवा, आणि वर उभे राहा. गलबताची गोष्ट खोटी होती, पण हे खरं सांगते: मी तुम्हाला नक्की पाडीन.