रिकाम्या कपातला चमचा

चंद्रभानच्या ओट्यावर माणसं बसली की तो घराकडे तोंड करून ओरडायचा, "अवं, चाय मांड वं! माणसं आली."

आत कपात चमचा फिरल्याचा आवाज यायचा. मग चंद्रभान वैतागल्यासारखा उठायचा, "पाहतो, कुठी अटकली ते," म्हणत आत जायचा आणि थोड्या वेळानं ट्रे घेऊन यायचा. कुणी चहाला बरं म्हटलं की म्हणायचा, "तिले दुसरं काम काय हाय?"

खरं तर आशाबाईला कुठलंच काम करता येत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. चहा चंद्रभानच करायचा. तिची वेणी तोच घालायचा, तिला न्हाऊ तोच घालायचा, तिच्या साड्या तोच धुवायचा आणि मागच्या खोलीत खिडकी लावून वाळत टाकायचा. कपड्यांना कुबट वास यायचा, पण समोरच्या तारेवर बायकोचा परकर टाकायची छाती त्याच्यात नव्हती. गावाला त्यानं ठोकून दिलं होतं, "बरी झाली आता. समदं करते."

त्याला भीती होती ती स्वतःच्याच जिभेची. भातकुलीच्या बाजारापर्यंत लोकांना नावं ठेवणारा माणूस तो. गल्लीतल्या कुंदनच्या बायकोचा, ललिताचा, पाय मोडला होता तेव्हा स्वयंपाक कुंदन करायचा. एकदा त्याच्या कोपराला लागलेली कणीक चंद्रभानला दिसली आणि भर ओट्यावर त्यानं बारसं करून टाकलं, 'कुंदनबाई'. ललिता केव्हाच चालायला लागली, नाव मात्र चिकटून राहिलं. कुंदन ऐकून घ्यायचा आणि हसायचा. असं हसणं आपल्याला जमायचं नाही, हे चंद्रभानला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून अकोल्याला दिलेली मुलगी, आचल, फोनवर सांगून सांगून थकली, "बाबा, गोदाबाईले कामाले ठेवा नं आईजवळ," तरी तो ऐकेना. "गोदाबाई घरात आली का गावभर बातमी होईन," तो म्हणायचा. "मी काय मेलो काय?"

चमच्याची युक्ती आशाबाईची. आजारपणानंतर पहिल्यांदाच माणसं आली, तेव्हा चंद्रभानच्या तोंडून सवयीनं हाक निघून गेली आणि तो घाबरून आत धावला. ती खुर्चीत बसून वाकड्या तोंडानं हसत होती. "मांडते बरं," म्हणाली आणि डाव्या हातानं तिनं रिकाम्या कपात चमचा फिरवला. दोघंही तोंडावर हात ठेवून हसली. इतक्या वर्षांच्या संसारात असा खेळ ती कधी खेळली नव्हती. त्या दिवशी चहा करता करता चंद्रभानला आपली बायको फार आवडली.

पण पुढे पुढे खेळ त्याला चढला. नुसती हाक पुरेना. "कितला येळ लावते वं? चाय करून राहिली का साखरेचा कारखाना काढून राहिली?" माणसं हसायची. आत आशाबाई चमचा आणखी जोरात फिरवायची. ती अजून हसते आहे का, हे पाहायला तो कधी थांबला नाही.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "मले संडासले न्या."

तेवढ्यात ओट्यावर चपला वाजल्या. संडास अंगणाच्या कोपऱ्यात, ओट्यावरून सरळ दिसणारा. तिला उचलून न्यायचं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांपुढून.

"थांब जराशी. माणसं आली. चाय देतो अन् आलोच."

"थांबवत नाही हो आता."

"आलोच म्हटलं नं!" त्यानं तिच्या हातात चमचा दिला.

चहा उकळेपर्यंत तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. ट्रे उचलतानाही त्यानं तिकडे पाहिलं नाही.

ओट्यावर हरभऱ्यावरच्या अळीची चर्चा रंगली. चंद्रभानच्या जिभेला धार आली होती. "कुंदनबाई, आज भाजी काय टाकली?" माणसं हसली, कुंदनही हसला. चहा पिऊन झाला, कप खाली ठेवले गेले. आणि आत चमचा वाजू लागला.

माणसं रिकाम्या कपांकडे पाहू लागली. चंद्रभानचे कान तापले. "अवं, चाय झाली नं!" तो ओरडला. "आता काहून वाजवून राहिली? कानानं बी गेली का?"

चमचा थांबला. मग पुन्हा वाजला, जोरात, भराभर. या वेळी कुणी हसलं नाही. एकानं टोपी झटकली, दुसऱ्याला म्हशीची आठवण झाली. बघता बघता ओटा रिकामा झाला. कुंदन तेवढा चप्पल शोधत मागे राहिला.

"चंदूभाऊ," तो खाली पाहतच म्हणाला, "वयनीच्या चायमध्ये साखर कमी राहे. तुमची लय गोड असते. आमाले पयल्या दिवसापासून ठाऊक हाय."

चंद्रभान रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करू लागला.

"कोणी बोललं नाही. म्हटलं, तुमाले वाईट वाटन." कुंदननं चप्पल पायात घातली. "आत जा. वयनी बोलावून राहिली."

तो आत गेला तोवर चमचा थांबला होता. खुर्चीखाली ओल पसरली होती. आशाबाईनं डाव्या हातानं पदर ओढून ओल्या साडीवर घेतला होता, पण तो तेवढ्याला पुरत नव्हता. ती भिंतीकडे पाहत होती.

"मी वाजवला," ती म्हणाली. "दोनदा वाजवला. तुमाले ऐकू नाही आला का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं विश्वासही ठेवला असता.

"आला होता," चंद्रभान म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला इतकी लाज वाटली की तिच्या पायांशी बसून ओल पुसताना त्याला मान वर करवेना. मग त्यानं तिला उचललं, अंगणातून न्हाणीत नेलं, धुतलं, कोरडी साडी नेसवली. ओली साडी धुऊन त्यानं समोरच्या तारेवर टाकली.

ती झटकत तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. शेतावरून परतणारी माणसं समोरून जात होती. कुणी रामराम केला, कुणी "जेवले का?" विचारलं. साडीकडे सगळ्यांनी पाहिलं, नाव मात्र कुणी ठेवलं नाही. कुणीतरी ठेवावं म्हणून तो अंधार पडेपर्यंत तिथंच उभा होता.