मायुपाची धार

भीती लपवायला सिल्विनोला झकास जागा मिळाली होती: होडीचं पुढचं टोक. तिथं बसणाऱ्याची सगळ्यांना पाठच दिसते. तोंडचं पाणी पळालंय की काय, ते कुणाला कळणार?

मागं इंजिनावर त्याचा मेव्हणा बेनितो. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जायचे नाहीत, म्हणून खडक कुठं आहे ते सिल्विनो हातानं दाखवायचा आणि बेनितो तशी होडी वळवायचा. धबधबा बघायला आलेल्या पाहुण्यांची ने-आण वर्षानुवर्षं अशीच चालली होती. पण गेल्या पावसाळ्यात मायुपाच्या धारेत, खडकांतून फेसाळत उतरणाऱ्या पाण्यात, सिल्विनो टोकावरून उडाला आणि दोन खडकांत अडकला. बेनितोनं केसाला धरून वर ओढला म्हणून वाचला. गाव हसलं, तोही हसला. तेव्हापासून मायुपा जवळ आली की तो एका हातानं होडीची कड घट्ट धरायचा. आणि सांगायचं कुणाला? टोकावरचा गडी धारेला भितो म्हटल्यावर गावानं त्याला जगू दिलं नसतं.

मायुपाला रीत एकच. पाहुण्यांना वर उतरवायचं, त्यांनी माळावरून चालत खाली यायचं, आणि रिकामी होडी या दोघांनी धारेतून खाली आणायची.

त्या दिवशी होडीत ओदिला होती, सिल्विनोची धाकटी बहीण, बेनितोची बायको. धबधब्याच्या पायथ्याच्या मुक्कामावर ती स्वयंपाक करायची. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण सकाळी कसावाच्या कंदाची भाकरी भाजता भाजताच कळा सुरू झाल्या. दवाखाना नदीच्या खालच्या अंगाला, कनाइमा गावात. सोबत एकच पाहुणा, चिली देशातला एर्नान, निवृत्त मास्तर. नायगाराचा धबधबा बघितला, इग्वासूचा बघितला, असं कालपर्यंत सगळ्यांना ऐकवत होता. आज बिचारा ओदिलाला टोपीनं वारा घालत होता.

डोंगरमाथ्यावर जोराचा पाऊस झाला होता. मायुपाशी पोचले, तर ओळखीचे खडक सगळे पाण्याखाली.

"आजोबा, तुम्ही उतरा," बेनितो म्हणाला. "ही बसेल. हिला चालवणार कसं?"

सिल्विनो मध्ये पडला. "तीही उतरेल. झोळीत घालून नेऊ. मी आणि आजोबा."

"डोकं फिरलं का तुझं? माळावरून नेईपर्यंत ती वाटेतच मोकळी होईल! धारेतून काय, हां हां म्हणता खाली!"

"मला भीती वाटते."

तोंडातून निघून गेलं खरं. बेनितो खो खो हसला. "भीती? बाळंतपण तिचं आहे का तुझं रे?"

"भांडा, भांडा!" ओदिला कळवळून ओरडली. "मी इथंच मोकळी होते, मग बसा दोघं बाळाचं नाव शोधत!" कळ ओसरल्यावर ती नवऱ्याकडं वळली. "दादा झोपेत ओरडतो. आईनं सांगितलंय मला. त्याला खडक दिसत नसतील, तर मला उतरव."

म्हणजे हिला ठाऊक होतं! सिल्विनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि होडी? खाली दुसरी होडी नाही," बेनितो म्हणाला. "मी आणतो एकटा."

"एकटा नको रे," सिल्विनो म्हणाला.

"मग ये की!"

सिल्विनोनं पाण्याकडं बघितलं. त्यानं ओदिलाला झोळीत घातलं आणि बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं.

माळ संपता संपेना. मागं मास्तर धापा टाकत होता, झोळीत ओदिला कण्हत होती, आणि सिल्विनोचे कान नदीकडं लागले होते. इंजिन घरघरत होतं, तोवर ठीक होतं. ते एकदम थांबलं.

"दादा, इंजिन बंद झालं ना?"

"नाही गं. वारा उलटा आहे."

"खोटं बोलू नकोस!" ती रडायला लागली. मी मारला त्याला, मी मारला, एवढंच सिल्विनोच्या डोक्यात. आणि झोळी खाली ठेवून धावताही येईना.

खालच्या वाळूवर पोचले, तर नदी रिकामी. आधी वल्हं वाहत आलं. मग पेट्रोलचा डबा. मास्तरनं छातीवर क्रूस काढला. सिल्विनो कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि घसा फुटेस्तोवर बेनितोला हाका मारत सुटला.

वळणावरून होडी आली ती आडवी, पाण्यानं भरलेली. बेनितो तळाशी फळीला मिठी मारून पडला होता. सिल्विनोनं दोर पकडून होडी काठाला ओढली. मेव्हण्याचे ओठ निळे पडले होते.

"दे शिव्या," सिल्विनो म्हणाला. "मी पळालो."

बेनितोनं मान हलवली. "धार मी कधी बघितलीच नाही रे. इतकी वर्षं. मी नुसता तुझ्या हाताकडं बघायचो." त्याला रडू फुटलं. "आज हात नव्हता. समोर बघितलं, आणि इंजिन सोडून तळाशी लोळलो. मग खडकावर आपटलो, किती वेळ तिथंच अडकून राहिलो."

सिल्विनोच्या मनात आलं: आपण भेदरलेले, आणि हा शूर म्हणवणारा आपल्याच जिवावर शूर!

"रडा नंतर! पाणी उपसा आधी!" ओदिला किंचाळली.

मास्तरनं टोपीनं पाणी उपसलं. बऱ्याच ओढाओढीनंतर इंजिन खोकत सुरू झालं. सिल्विनो टोकावर जाऊन बसला आणि मागं वळून म्हणाला, "माझा हात थरथरतोय, बेनितो."

"थरथरू दे. दिसतोय ना, बास."

त्यानं हात वर केला. मागं ओदिला ओरडत होती, आणि कनाइमा येईपर्यंत ते ओरडणं थांबू नये, बाळानं तेवढा दम धरावा, एवढंच तो नदीकडं मागत होता.