बुधवारच्या शेंगा

भाजी शिजवता आली तर स्त्रातिस आपल्या घरात राहणार होता, नाही आली तर मुलीबरोबर तिच्या घरी, पिरेअसला जाणार होता. अट इतकी साधी होती आणि बापलेकींनी ती सकाळी अंगणात कॉफी पिता पिता ठरवली होती.

अट घातली होती मिर्सिनीने. ती आदल्या संध्याकाळच्या बोटीने बेटावर आली होती. तिची आई लेमोनिया हिवाळ्यात गेली, तेव्हापासून स्त्रातिस एकटाच राहत होता. मिर्सिनीने आल्या आल्या फ्रिज उघडून पाहिला. आत अर्धं कलिंगड, चीजचा एक तुकडा आणि शेजारच्या झाम्बेता मावशीच्या घरून आलेली, झाकण ठेवलेली ताटली होती.

"बाबा, तुम्ही जेवता काय?"

"जेवतो की. अंडं तळतो."

"रोज?"

"रविवारी दोन."

मिर्सिनी हसली नाही. तिच्या नवऱ्याने, लेफ्तेरिसने, पिरेअसच्या घरातली मागची खोली रिकामी केली होती. खिडकीतून बंदर दिसतं, असं तिने सांगितलं. बंदर मला इथूनही दिसतं, असं स्त्रातिस म्हणाला. इथे रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने भिंतीपलीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे ऐंशी वर्षांची झाम्बेता होती. मिर्सिनीने कपाळाला हात लावला.

"बरं, असं करू," सकाळी कॉफी पिताना ती म्हणाली. "आज दुपारचं जेवण तुम्ही करा. तळलेलं नको, आई करायची तसं, भांड्यात शिजवलेलं. मी आईच्या कबरीवर दिवा लावते, चर्चमध्ये फुलांचं काम आहे ते करते आणि येते. पोटभर जेवून उठले, तर पिरेअसचं नाव पुन्हा काढणार नाही."

"आणि नाही उठलीस तर?"

"तर तुमची बॅग भरायची."

स्त्रातिसने कॉफीचा गाळ कपात फिरवला. "ठीक," तो म्हणाला. जन्मभर बोटीच्या इंजिनखोलीत काम केलेला माणूस. भांड्यात भाजी शिजवणं त्याहून अवघड असेल, असं त्याला वाटलं नाही.

ऑगस्टचे पहिले दिवस होते. देवमातेच्या सणाआधीचा उपास सुरू होता, आणि हे आपल्याला आठवलं याचं स्त्रातिसला स्वतःचंच कौतुक वाटलं. तो स्वतः कधी उपास करत नसे, लेमोनिया करायची. मांस नाही, मासे नाहीत, दूध नाही, अंडं नाही, त्याने बोटांवर मोजलं. चीजचा तुकडा उगाच डोळ्यांसमोर नको म्हणून त्याने फ्रिजच्या तळाशी, कलिंगडाच्या मागे सारला. भाजीवाल्याची गाडी कर्णा वाजवत चौकात आली, तेव्हा त्याने फरसबीच्या शेंगा घेतल्या, पिकलेले टोमॅटो घेतले, आणि पार्सलीची जुडी.

"शेंगा कोणासाठी?" भाजीवाल्याने विचारलं.

"खाणाऱ्यासाठी," स्त्रातिस म्हणाला आणि घरी आला.

शेंगांची टोकं खुडायला त्याला बराच वेळ लागला. कांदा चिरला. मोठं भांडं चढवलं, तेल घातलं, कांदा टाकला. थोड्या वेळाने भिंतीवरून झाम्बेताचं काळ्या रुमालातलं डोकं वर आलं. भिंतीच्या त्या बाजूला तिने एक दगड ठेवलेला होता, त्यावर ती उभी राहायची.

"अरे स्त्रातिस, घर पेटवलंस का?"

"घर नाही वहिनी, कांदा."

"जाळ कमी कर, जाळ! कांद्याला रंग नाही आणायचा, नुसता मऊ करायचा. तेल किती घातलंस?"

"एक कप."

"कुठला कप?"

स्त्रातिसने खिडकीतून कॉफीचा कप दाखवला.

"शेंगांना तीट लावतोयस का?" झाम्बेता म्हणाली. "आपलं स्वतःचं तेल आहे, डबे भरून पडलंय आणि असा हात आखडतोस! ओत. अजून ओत. हां, आता जरा माणसाच्या जेवणासारखं दिसतंय."

त्याने शेंगा टाकल्या, बटाट्याच्या फोडी टाकल्या, वरून टोमॅटो किसून घातला. मग पाण्याचा जग उचलला.

"ठेव तो जग!" भिंतीवरून आवाज आला. "टोमॅटोच्या अंगात पाणी कमी असतं का? आणि चमचा पण ठेव खाली. ढवळलंस की लगदा झाला म्हणून समज. कान धर आणि भांडं हलव."

स्त्रातिसने आपले कान धरले.

"तुझे नाही रे, भांड्याचे! बाळाला झोका देतात तसं. लेमोनियाने कसे काढले तुझ्याबरोबर दिवस, ती माउली जाणे." एवढं बोलून झाम्बेता दगडावरून उतरली. तिचेही चणे चुलीवर होते.

मिर्सिनीची अट स्त्रातिसने झाम्बेताला सांगितली नव्हती. मुलीने बापाची परीक्षा घ्यावी, हे शेजारी कशाला कळायला हवं? तिला वाटलं, अंड्यांना कंटाळून हा आपल्यापुरती भाजी करतोय.

भांडं मंद आचेवर रटरटत राहिलं. स्त्रातिस स्टूल घेऊन शेजारी बसला. पहिल्यांदा भांड्यातून पाण्याचा आवाज येत होता, बुडबुड. बऱ्याच वेळाने तो आवाज बदलला, बारीक झाला, चरचरल्यासारखा. स्त्रातिसने झाकण काढलं. रस आटला होता आणि कडेने लालसर सोनेरी तेल सुटलं होतं. शेंगा मऊ पडल्या होत्या, मोडल्या मात्र नव्हत्या. त्याने एक बटाटा चाखला आणि गॅस बंद केला. लेमोनिया ही भाजी कधी गरम वाढायची नाही, जरा निवू द्यायची, हेही त्याला आठवलं. अंगणातल्या टेबलावर त्याने दोन ताटं मांडली, पाव कापला आणि वाट पाहत बसला.

मिर्सिनी आली ती उन्हाने लाल होऊन. हात धुऊन ती टेबलाशी बसली. स्त्रातिसने वाढलं. ताटात शेंगा चकाकत होत्या आणि तेलाचं तळं पावाच्या तुकड्यापर्यंत पोचलं होतं.

मिर्सिनीने काटा उचलला, ताटाकडे पाहिलं आणि काटा खाली ठेवला.

"काय झालं? कच्ची आहे?"

"नाही बाबा. वास तर अगदी आईच्या हातचा येतोय."

"मग? खा की. चीज मुद्दाम नाही ठेवलं. उपास आहे, माहितीये मला."

"तेल आहे," मिर्सिनी म्हणाली.

"असणारच. शेंगा तेलातच होतात."

"आज बुधवार. शनिवार-रविवार असता तर चाललं असतं. एरवी या उपासात तेल नाही चालत, बाबा. मी यापूर्वी कधी धरला नाही. यंदा आईच्या जागी धरलाय. सकाळी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. इतकी वर्षं घरात..."

"घरात कुठे?" स्त्रातिसचा आवाज चढला. "तुझ्या आईने या दिवसांत कायम मला तेलातच वाढलं. बुधवारी पण, शुक्रवारी पण. मला काय ताटात दिसत नाही?"

"तुम्हाला वाढलं. स्वतः नाही खाल्लं. आई दोन भांडी चढवायची. तुमचं मोठं, तिचं छोटं."

छोटं भांडं त्याला माहीत होतं. निळ्या मुलाम्याचं, कडेला टवका उडालेलं. ते रोज शेगडीवर दिसायचं. ते मांजरांसाठी असेल, असं तो आजवर समजत आला होता.

मिर्सिनी ताट बाजूला सारून उठली. "राहू दे. मी पाव आणि टोमॅटो खाते. बॅगेचं आपण संध्याकाळी बोलू."

"म्हणजे मी हरलो?"

"हरणं-जिंकणं नाही, बाबा. पण तुम्हीच सांगा. इतकं शेजारी चाललेलं तुम्हाला दिसलं नाही. उद्या तुमचं तुम्हाला काही होत असेल, तर ते तरी दिसेल का?"

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. तो ताटं उचलून आत गेला आणि ओट्याशी उभा राहिला. छोटं भांडं खिळ्याला टांगलेलं होतं. तेलावाचून ही भाजी कशी होणार? उकडलेल्या शेंगा लेमोनिया खात नसे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती तर ताट पावाने पुसून घ्यायची.

मग तिचं ताट त्याच्या डोळ्यांसमोर आलं. उपासाच्या दिवसांत त्या ताटाच्या कडेला बिया असायच्या. ऑलिव्हच्या बिया, एकामागे एक, नीट ओळीत लावलेल्या. टेबलावर ऑलिव्हची वाटी कधी नसायची, ताटात नुसत्या बियाच. "तुला ऑलिव्ह फार आवडतात," असं तो एकदा म्हणालाही होता. "आवडतात," ती म्हणाली होती.

स्त्रातिस अंगणात आला. मिर्सिनी टोमॅटो चिरत होती.

"ऑलिव्ह चालतात का उपासाला?"

"ऑलिव्ह चालतात. तेल नाही चालत."

"तेल कशात असतं?"

"बाबा, नियम मी केलेले नाहीत."

"सुरी ठेव. पोटभर जेवून उठायचं ठरलंय. अजून तू उठली नाहीस."

"दुपार टळेल."

"टळू दे."

कोठीतल्या मडक्यात मिठात मुरवलेले काळे, सुरकुतलेले ऑलिव्ह होते, लेमोनियाने घातलेले शेवटचे. त्याने ओंजळभर काढले, तळहाताने ओट्यावर चेपले आणि बियांसकट छोट्या भांड्यात टाकले. कांदा कच्चाच टाकला. सकाळच्या उरलेल्या कच्च्या शेंगा, एक बटाटा, टोमॅटो. सवयीने चिमूटभर मीठ. झाकण. मिर्सिनी दाराशी येऊन उभी राहिली. "मदत करू?" तिने विचारलं. "मदत केलीस तर परीक्षा कसली?" तो म्हणाला. ती तिथेच उंबऱ्यावर टेकली.

त्याने भांडं कानांना धरून हलवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा हलवलं. उन्हं भिंतीवरून सरकली. झाकण काढलं, तेव्हा टोमॅटोच्या रसावर बारीक सोनेरी ठिपके तरंगत होते. फार नव्हते. पण होते.

तेवढ्यात झाम्बेता वर आली. "दोन-दोन भांडी? खानावळ काढलीस की काय?"

"मिर्सिनीचा उपास आहे."

"अरे देवा! मग सकाळी मला बोलायला काय झालं होतं? मी बसलेय इथे ओत ओत म्हणून ओरडत!" तिने मान लांब करून खिडकीतून भांड्यात पाहिलं. मग मिर्सिनीला म्हणाली, "अगं पोरी, हे तर लेमोनियाचं. तिला एकदा पाद्रीबाबांनी पकडलं होतं. म्हणाले, ताटात तेल दिसतंय. ही म्हणते, मी नाही घातलं, बाबा. ऑलिव्हने आपणहून सोडलं, त्यालाच विचारा."

"मग काय म्हणाले पाद्रीबाबा?"

"काय म्हणणार? वाटीभर मागून नेलं."

मिर्सिनी पहिल्यांदा हसली. स्त्रातिसने वाढलं आणि समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिने घास घेतला, चावला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

"मीठ," ती म्हणाली.

"कमी?"

"बाबा, ऑलिव्ह मिठातलेच असतात."

"हे मला कोणी सांगायचं?"

"कोणी नाही," मिर्सिनी म्हणाली आणि दुसरा घास घेतला. पाव, पाणी, शेंगा, पाणी, असं करत ती खात राहिली. बिया काढून ताटाच्या कडेला ठेवत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "झाम्बेता मावशीने सांगितलं नाही, मी पण नाही. मग कळलं कसं तुम्हाला?"

"तुझ्या आईच्या ताटाच्या कडेला असायच्या. अशाच."

"म्हणजे दिसत होतं."

"दिसत होतं. विचारलं नाही."

मिर्सिनीने ताट पावाने पुसून घेतलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेफ्तेरिसचा होता. फोन कानाला लावून ती लिंबाच्या झाडाखाली गेली. स्त्रातिस ताटं गोळा करत होता, पण एकाही ताटाचा आवाज होऊ देत नव्हता.

"नाही, पलंग आणू नकोस," ती म्हणत होती. "नाही येत ते... नाही रे, भांडण कशाला? जेवलो ना. बाबांनीच केलं." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. "खारट," ती म्हणाली. "हो, सगळं संपवलं."

फोन खिशात टाकून ती परत आली आणि रिकामा जग उलटा करून पाहिला.

"बाबा, पाणी कुठे आहे अजून?"